औंढ्याचा मुहूर्त टळू नये

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी जगातील गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांचे चौथे निरीक्षणपर्व संपले. २४ मे २०२३ रोजी आरंभ झालेले हे पर्व मधल्या विरामांसह सुमारे अडीच वर्षे चालले. त्याची अखेरची तारीख एकदा नव्हे, अनेकदा पुढे सरकविण्यात आली होती. अखेर यंत्रे दुरुस्तीला व सुधारणेला घेण्याची वेळ आली आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी ठरवून विराम घेतला. अशा बातमीला आपल्याकडे मथळा मिळत नाही. तो मिळावा असा आमचा आग्रहही नाही. परंतु छत्रपती संभाजीनगरातून जालना, मंठा, जिंतूर या वाटेने औंढा नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येक मराठवाडेकराने या बातमीचा अर्थ समजून घेतला पाहिजे, असे मात्र आम्हांस वाटते. कारण याच औंढ्याच्या परिसरात, हिंगोली जिल्ह्याच्या माळावर, भारताची पहिली गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. 'लायगो-इंडिया' हे तिचे नाव. जगाच्या या वेळापत्रकात आज तिच्या नावाचा रकाना रिकामा आहे.

आधी हे यंत्र काय करते ते थोडक्यात पाहू. दोन प्रचंड कृष्णविवरे परस्परांभोवती फिरत एकरूप होतात, तेव्हा अवकाशाच्या पटलावरच तरंग उठतात. आइन्स्टाइनने १९१६ मध्ये हे गणिताने वर्तविले होते. ते तरंग पृथ्वीपर्यंत पोहोचेतो इतके क्षीण होतात की, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तो मोजण्यासाठी सव्वा मीटर व्यासाच्या निर्वात नळ्या, त्यांत धावणारा लेसर आणि काचेच्या तंतूंवर टांगलेले चाळीस किलो वजनाचे आरसे लागतात. अमेरिकेत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथे लायगोची अशी दोन यंत्रे आहेत. इटलीत पिसाजवळ 'व्हर्गो' आणि जपानात कामिओकाच्या डोंगराखाली 'काग्रा' ही तीन किलोमीटर भुजांची यंत्रे आहेत. २०१५ ते २०२५ या दहा वर्षांत त्यांनी मिळून तीनशेहून अधिक लहरींच्या नोंदी केल्या.

या नोंदी कशा मिळाल्या, हे पाहिले म्हणजे वेळापत्रकाचे मोल कळते. पहिली लहर आली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी. नाशिकच्या सिंहस्थातील दुसरे शाही स्नान आदल्याच दिवशी झाले होते आणि गणेश चतुर्थी तीन दिवसांवर आली होती. वेधशाळांचे अधिकृत निरीक्षण तेव्हा सुरूही व्हायचे होते. त्यासाठी १८ सप्टेंबर हा दिवस मुक्रर झाला होता आणि चाचण्या चालू होत्या. लिव्हिंग्स्टन येथे रात्रभर चाचण्या करणारी मंडळी पहाटे काम थांबवून, यंत्र चालू स्थितीत ठेवून निघाली, आणि त्यानंतर थोड्याच वेळात १३० कोटी प्रकाशवर्षे दूर घडलेल्या मिलनाची लहर यंत्रातून गेली. चाचणी आणखी तासभर लांबली असती तर?

दुसरे उदाहरण १७ ऑगस्ट २०१७ चे. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाची लहर त्या दिवशी सापडली, तेव्हा दुसरे निरीक्षणपर्व संपावयास अवघे आठ दिवस उरले होते. इटलीचे व्हर्गो यंत्र १ ऑगस्टला, म्हणजे पंधरवड्यापूर्वीच, पहाऱ्यावर रुजू झाले होते. व्हर्गोला तो आवाज अगदीच क्षीण ऐकू आला, परंतु त्या क्षीणपणावरूनच लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे ठरविता आले. मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेत त्या मिलनाचा प्रकाश दिसला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा मिलनांत घडतात, याचा सबळ पुरावा त्यातून मिळाला. नारायणगावजवळच्या खोडद येथील आपल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही पुढे तिकडे कान लावले. व्हर्गोची सुधारणा तीन आठवडे रेंगाळली असती, तर लहर सापडली असती. तिचा पत्ता मात्र इतका नेमका मिळाला नसता.

हुकलेल्या संधीचाही दाखला आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये दक्षिण आकाशात, आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, एका ताऱ्याचा महास्फोट दिसला. जवळजवळ चारशे वर्षांत इतक्या जवळचा स्फोट नुसत्या डोळ्यांना दिसला नव्हता. जपानमधील कामिओकांदे या प्रयोगाने आपल्या यंत्राची सुधारणा त्या वर्षीच्या आरंभीच पुरी केली होती. त्यामुळे त्या स्फोटातून निघालेले जेमतेम डझनभर न्यूट्रिनो कण त्यांच्या हाती लागले आणि प्रमुख शास्त्रज्ञ मासातोशी कोशिबा यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वेळी गुरुत्वीय लहरी शोधणारी, अतिशीत तापमानावर चालणारी अधिक संवेदनशील यंत्रे बंद होती. ती चालू असती तर लहर सापडली असती की नाही, हा निराळा प्रश्न. पहाऱ्याच्या घटकेला पहारेकरी जागेवर नव्हता, ही सल मात्र त्या क्षेत्रात राहून गेली.

मग यंत्रे सतत चालूच का ठेवू नयेत? येथे गणित आडवे येते. यंत्राचा पल्ला दुप्पट झाला की त्याच्या कक्षेत येणारे आकाश आठपट होते, कारण घनफळ त्रिज्येच्या घनाने वाढते. सुधारलेले यंत्र एका वर्षात जेवढे ऐकेल, तेवढे ऐकायला जुन्या यंत्राला आठ वर्षे लागतील. म्हणून थांबणे हेही वेध घेण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते. मूळ लायगोने २००२ ते २०१० या काळात निरीक्षणे केली. एकही लहर मिळाली नाही. त्या मंडळींनी खचून न जाता २०१० च्या अखेरीस यंत्रे बंद केली आणि पाच वर्षे खपून ती नव्याने उभारली. त्या काळात जर्मनीत हॅनोव्हरजवळचे ६०० मीटर भुजांचे छोटे यंत्र एकटे पहाऱ्यावर राहिले. पाच वर्षांच्या मौनानंतर यंत्रे जागी झाली आणि पहिली लहर आली. पुढेही हाच क्रम राहिला. तिसऱ्या पर्वात ऑक्टोबर २०१९ हा महिना यंत्रांच्या निगराणीसाठी राखून ठेवला होता. कोरोनामुळे ते पर्व महिनाभर आधीच, २७ मार्च २०२० रोजी, गुंडाळावे लागले. त्यानंतर तीन वर्षे सुधारणांना दिली गेली. त्या श्रमांचे फळ १४ जानेवारी २०२५ रोजी, ऐन मकरसंक्रांतीच्या दुपारी पदरी पडले. २०१५ च्या लहरीसारखीच एक लहर आली, पण दहा वर्षांच्या सुधारणांमुळे ती सुमारे तिपटीने स्पष्ट ऐकू आली. कृष्णविवराच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ कधी घटत नाही, हा स्टीफन हॉकिंग यांचा सिद्धान्त त्या लहरीवर तपासून पाहता आला.

वेध घ्यायचा की यंत्र सुधारायचे, हा पेच आपल्या परंपरेला नवा नाही. आपल्या ज्योतिर्विदांनी त्याला 'दृक्प्रत्यय' हा शब्द दिला आहे. गणिताने काढलेले ग्रहस्थान डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहाशी जुळले पाहिजे. कालांतराने ते जुळेनासे झाले की मूळ अंकांना 'बीजसंस्कार' द्यायचा, असा शिरस्ता होता. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात 'ग्रहलाघव' रचले ते याच जाणिवेने, आणि लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला तोही याच भूमिकेतून. संभाजीनगरातून कन्नडचा घाट उतरला की पाटणादेवीचे रान लागते. तेथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळाले, याचा शिलालेख उपलब्ध आहे. एका विद्वानाची बुद्धी त्याच्यासोबत संपू नये, यासाठी समाजाने केलेली ती व्यवस्था होती. आपल्या ग्रंथांत सर्व काही आधीच लिहून ठेवले आहे, अशी फुशारकी मारणाऱ्यांनी हा बीजसंस्कार आणि हा मठ जरूर आठवावा. आपल्या पूर्वजांचे मोठेपण चूक सुधारण्याच्या तयारीत होते आणि ती तयारी पिढ्यान्‌पिढ्या चालविणारी संस्था उभारण्यातही होते.

आता औंढ्याकडे वळू. वेधशाळांच्या या पहाऱ्यात भारताची गरज का आहे? प्रत्येक यंत्र निरीक्षणपर्वातही चोवीस तास ऐकत नाही. दूरवरचा भूकंप, वादळी वारा, लेसरचा बिघाड, दर मंगळवारी ठरलेली देखभाल यांत वेळ जातोच. दाखल्यासाठी समजू की प्रत्येक यंत्र शंभरांतले सत्तर तास ऐकते. तीनच यंत्रे असतील, तर तिन्ही एकाच वेळी जागी असण्याचे प्रमाण शंभरांत चौतीस तास इतकेच भरते. चौथे यंत्र आले की किमान तीन जागी असण्याचे प्रमाण पासष्ट तासांवर जाते. लहरीचा पत्ता काढायला तीन साक्षीदार लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका यंत्राचे वजन कळेल. शिवाय चौथे यंत्र असले की एकाला दुरुस्तीसाठी निर्धास्तपणे बंद ठेवता येते. व्हर्गोला चौथ्या पर्वाचा पहिला टप्पा मुकावा लागला. ते १० एप्रिल २०२४ रोजी सामील झाले. काग्राला १ जानेवारी २०२४ च्या नोटो भूकंपाचा तडाखा बसला आणि पुन्हा रुजू व्हायला २०२५ चा जून उजाडला. त्या काळात अमेरिकेची दोनच यंत्रे बहुतांश भार वाहत होती. अमेरिका, युरोप व जपान यांपासून दूर, निराळ्या अक्षांश-रेखांशावर भारतातले यंत्र असते, तर आकाशाचे कितीतरी कोपरे उजळले असते.

ही संधी भारताकडे चालून आली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. पुण्यातील 'आयुका' ही जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये नावारूपास आणलेली संस्था. तेथील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच, गोंगाटातून अशा लहरी गाळून काढणाऱ्या गणिती चाळणीवर पायाभूत काम केले. बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये कृष्णविवराच्या कंपनांचे गणित मांडले होते. म्हणजे विद्या आपल्यापाशी होती, यंत्र नव्हते. २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी 'इंडिगो' हा समूह स्थापन केला. लायगोचे तिसरे यंत्र आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केले होते. तिथल्या सरकारने २०११ च्या मुदतीत निधी दिला नाही, तेव्हा भारताचे नाव पुढे आले. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने यंत्र भारतात हलविण्यास संमती दिली. दिल्लीतील तत्कालीन सरकारच्या मंत्रिमंडळाची मोहोर मात्र त्यावर उमटली नाही. ती उमटली १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, पहिल्या लहरीची घोषणा झाल्यानंतर अवघ्या सहा दिवसांत. ती तत्परता अभिनंदनीय होती.

परंतु ज्यांना आपण आपले मानतो त्यांच्याही कारभाराचा हिशेब आपणच मांडला पाहिजे. त्या तत्त्वतः मान्यतेनंतर प्रत्यक्ष खर्चाची मंजुरी मिळाली ६ एप्रिल २०२३ रोजी. रक्कम २,६०० कोटी रुपये. ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. मान्यता आणि मंजुरी यांच्यामध्ये सात वर्षे गेली. स्थाननिवड, भूमी, प्रशिक्षण, नमुना-यंत्रे ही कामे त्या काळात चालू होती आणि मध्ये महामारीही येऊन गेली, हे खरे. तथापि याच सात वर्षांत जगाची दोन निरीक्षणपर्वे होऊन गेली आणि तिसऱ्याचा आरंभ तोंडावर आला, हेही तितकेच खरे. सहा दिवसांत निर्णय घेणारी राज्ययंत्रणा सात वर्षे कोणत्या टेबलावर अडकली, हा प्रश्न विचारणे म्हणजे सरकारविरोध नव्हे. राष्ट्राच्या कामात दिरंगाई हाही एक बीजदोषच आहे आणि त्यालाही संस्कार हवा.

आता २०३० हे साल लक्ष्य म्हणून सांगितले जाते. येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. अमेरिकेत लायगोचे उद्घाटन नोव्हेंबर १९९९ मध्ये झाले, पहिले शास्त्रीय निरीक्षण २००२ मध्ये आणि आरंभी योजलेली संवेदनशीलता गाठायला २००५ उजाडले. फीत कापण्याचा दिवस आणि वेध घेण्याचा दिवस यांत वर्षांचे अंतर असते. आपल्याकडे यंत्र सुधारित स्वरूपात येणार आणि अमेरिकेचा अनुभव हाताशी असणार, म्हणून ते अंतर कमी होईल. शून्य होणार नाही. इकडे युरोप २०३५ मध्ये अवकाशात 'लिसा' ही लहरींची वेधशाळा पाठविण्याच्या तयारीत आहे आणि दहा किलोमीटर किंवा त्याहून लांब भुजांच्या यंत्रांचे आराखडेही तयार होत आहेत. आपण उशिरा पोहोचलो, तर इतरांची पंगत उठलेली असेल. शिवाय मे २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात लायगोच्या दोनपैकी एक केंद्र बंद करण्याची सूचना आली होती. दुसऱ्याच्या तिजोरीवर आपल्या विज्ञानाचा भरवसा किती ठेवावा, याचा विचार करायला एवढा इशारा पुरेसा आहे. आरसे, लेसर, निर्वात नळ्या यांचे तंत्र इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांनी पूर्णपणे आत्मसात केले, तरच स्वदेशी या शब्दाला येथे अर्थ राहील.

आपल्या घरच्या जबाबदाऱ्याही आहेत. या यंत्राला शांतता हवी. आवाजाची नव्हे, जमिनीची. लिव्हिंग्स्टनच्या परिसरात वृक्षतोडीची अवजड यंत्रे चालत, तेव्हा तिथले यंत्र दिवसा चालविणेच अशक्य होई. २००४ मध्ये नवी कंपनरोधक यंत्रणा बसविली तेव्हा तो प्रश्न सुटला. औंढ्याच्या आसपास उद्या खडी केंद्रे, सुरुंग, अवजड वाहनांचे रस्ते कुठे असावेत, याचा निर्णय आजच व्हायला हवा. हिंगोली परिसराने २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी साडेचार रिश्टरचे धक्के अनुभवले. जमिनीच्या या स्वभावाचा अभ्यास अखंड चालू राहिला पाहिजे आणि त्याची माहिती गावकऱ्यांनाही मराठीतून मिळाली पाहिजे, म्हणजे अफवांना वाव राहणार नाही. प्रकल्पामुळेच धक्के बसतात, असे कुणी सांगू लागला तर त्याला समजावून सांगणारा कार्यकर्ता गावात हवा. ज्यांच्या जमिनी या कामी आल्या, त्यांच्या मुलांना तेथे पहारेकऱ्याची नोकरी मिळाली एवढ्यावर कुणी समाधान मानू नये. तंत्रज्ञाची व शास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली पाहिजे. मराठवाड्याच्या वाट्याला मोठ्या राष्ट्रीय संस्था फारशा आल्या नाहीत, ही तक्रार आपण वर्षानुवर्षे करीत आलो. आता एक संस्था दाराशी आली आहे. तिच्या पात्रतेची मुले संभाजीनगर, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांतून तयार होतात का, याचे उत्तर आपणच द्यायचे आहे. २०३२ मध्ये तेथे रुजू होणारा अभियंता आज आपल्याच घरात नववी-दहावीत शिकत असेल. दिवाळीच्या सुटीत त्याला खोडदची दुर्बीण दाखवून आणणे हे कुटुंबप्रमुखाच्या आवाक्यातले काम आहे.

त्या खोडदकडून शासनानेही एक धडा घ्यावा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या तीस तबकड्यांच्या दुर्बिणीचे नूतनीकरण वेध न थांबविता, टप्प्याटप्प्याने करण्यात आले. वर्षात दोन हंगाम, प्रत्येक हंगामासाठी आलेल्या प्रस्तावांची छाननी, ठरलेली देखभाल, ही शिस्त तेथे मराठी मातीतच रुजली आहे. म्हणजे कालबद्धता आपल्या स्वभावात नाही, ही सबब चालणार नाही.

औंढा ही नामदेवांना विसोबा खेचर भेटले ती भूमी. नामदेवांच्या कीर्तनासाठी येथले देऊळ फिरले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. वेधशाळेच्या कामात मात्र देऊळ फिरण्याची वाट पाहत बसता येणार नाही. फायली माणसांनाच फिरवाव्या लागतील. सिंहस्थाची तारीख गुरू सिंह राशीत प्रवेश करतो त्यावरून ठरते. घाट बांधून झाले नाहीत म्हणून ती पुढे ढकलावी, असे म्हणण्याची कुणाची प्राज्ञा नाही. सारी यंत्रणा त्या तारखेपुढे नमते आणि कामे पुरी होतात. गुरुत्वीय लहरींचे पर्व याहून कठीण आहे, कारण तिथे तिथी आधी कळत नाही. १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर उद्या दुपारी येईल आणि निमिषार्धात निघून जाईल. त्या निमिषार्धात औंढ्याचे यंत्र जागे असावे, यासाठी आजचा प्रत्येक महिना कारणी लागला पाहिजे. केंद्र शासनाने या प्रकल्पाचा टप्पावार कालक्रम जाहीर करावा आणि दर सहा महिन्यांनी त्याचा हिशेब लोकांपुढे ठेवावा. मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, तो हिशेब मागावा. आणि नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या आपण सर्वांनी परतताना त्या माळाकडेही एकदा नजर टाकावी आणि काम कुठवर आले, हे विचारावे.